सर्कशीतली कला कलेच्या यादीत का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन सांगलीत सर्कस बघायला गेलो. तंबूत शिरताच ओल्या ताडपत्रीचा आणि भुशाचा वास आला आणि डोळे भरून आले. मी १९ वर्षे झुल्यावर काम केले. कॅचर होतो. गुडघ्यांत दांडी अडकवून उलटे लोंबकळायचे आणि समोरून उडी घेणाऱ्याला हवेत धरायचे, हे माझे काम.

लोकांना वाटते आम्ही हात धरतो. हात घामाने निसटतो, म्हणून पांढरी पूड चोळून मनगटाला मनगट धरायचे. दिवसाचे तीन खेळ, सुट्टीच्या दिवशी कधी चारसुद्धा. रात्री मनगटे इतकी सुजायची की भाकरी मोडता येत नसे. बायको कुस्करून द्यायची, तीही सर्कशीतलीच, सायकलवाली. उस्तादांनी पहिले दोन महिने मला फक्त पडायला शिकवले होते. हनुवटी छातीला लावायची आणि जाळीत पाठीवर पडायचे. हात टेकायला गेलो की मोडलाच. एका पावसाळ्यात जाळीची दोरी सैल राहिली आणि माझा खांदा गेला. तो आजही वर उचलत नाही.

हे सगळे लिहितोय त्याला कारण आहे. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तमाशा, भजन, शाहिरी असे रकाने दाखवून खिडकीवरच्या बाईंनी विचारले, "आजोबा, यातली तुमची कला कोणती?" सर्कस म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग पुरावा मागितला. आम्हाला कुणी नेमणुकीचे पत्र दिले होते का? माझ्याकडे एक जाहिरात आहे, तीत उडणारी मुलगी पूर्ण दिसते आणि माझे नुसते दोन हात.

आणि हे आपल्या सांगली जिल्ह्यात घडावे! भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. 'हिंदी माणसाला सर्कस जमणार नाही' असे एका परदेशी सर्कसवाल्याने हिणवल्यावर त्यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस नावाजली. छत्र्यांची सर्कस पाहूनच केरळात तेल्लिचेरीला तालमी सुरू झाल्या. त्या केरळात आज सरकार निराधार सर्कस कलावंतांना निवृत्तिवेतन देते, आणि ज्यांच्या मातीत सर्कस रुजली ते आम्ही रकान्याबाहेर!

वाघ, सिंह, अस्वले १९९८ च्या अधिसूचनेने रिंगणातून गेली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. जनावरांचे हाल मी जवळून पाहिलेत, त्यामुळे बंदी योग्यच होती. पण तिच्यामागे प्रेक्षकही गेला आणि त्यानंतर आमच्यासारख्या माणसांचे काय झाले, हे कुणी विचारले नाही.

माझे मागणे एवढेच. मानधनाच्या यादीत 'सर्कस' हा शब्द स्पष्ट लिहावा. कागद नसतील तिथे जुन्या सहकाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरावी. तासगाव, मिरज, पलूस भागात आमच्यातली काही मंडळी अजून आहेत. त्यांनी अंकलखोपला एकदा जमायचे ठरवले, तर झुल्यावरचा मी पहिला येईन.

आपला,
एक निवृत्त सर्कस कलावंत
तासगाव, जि. सांगली