वहिनींची 'इंडियन' पणजी

प्रिय मित्रा,

वहिनींची पणजी 'इंडियन' होती हे ऐकून तुला कोण आनंद झाला! पण ऑस्ट्रेलियातल्या पर्थकडच्या जुन्या घरात 'इंडियन' किंवा 'स्पॅनिश' पणजी निघाली, की आधी तिथल्याच नूंगार लोकांकडे, म्हणजे त्या भागातल्या मूळ आदिवासींकडे बघावं. सावळ्या रंगाचं काहीतरी कारण द्यावं लागे ना. १९०५च्या कायद्याने आदिवासी आणि मिश्र वंशाच्या मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंतचा कायदेशीर पालक आई नव्हे, तर आदिवासींवर नेमलेला सरकारी अधिकारी, चीफ प्रोटेक्टर. १९३६ला ती मर्यादा एकवीसवर नेली. पोलीस पोर उचलून नेणार असेल, तर कोणती आई खरं सांगेल?

सुरुवात पणजीच्या मृत्यूच्या दाखल्यापासून कर. जन्माची नोंद अनेकदा नसतेच. मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावं, जन्मठिकाण आणि ऑस्ट्रेलियात किती वर्षं राहिली, असे रकाने सापडतात. भारतातून आलेल्या बाईपुढे तिथे आकडा हवा. 'जन्मापासून' लिहिलं असेल, तर बोटीची गोष्ट तिथेच बुडाली. आईचं नाव नुसतं 'किटी', आडनाव नाही, हीही ती आदिवासी असल्याची खूण. माहिती कोणी दिली तेही बघ. जावयाने दिली असेल, तर त्याला घरात जे सांगितलं तेच तो लिहवणार. म्हणून तिच्या भावंडांचेही दाखले काढ. सगळेच एकसारखं खोटं सांगत नाहीत.

भारतीय बाजूही तपास हं. त्या काळी उंटवाले, फेरीवाले म्हणून आले ते पंजाब, सिंध, बलुचिस्तानकडचे पुरुष. बायका अगदी क्वचित. १९०१नंतर बाहेर जाऊन परत यायचं, तर त्यांना प्रवेशाच्या श्रुतलेखन परीक्षेतून सवलतीचा दाखला लागे, फोटो आणि हाताच्या ठशासकट. ते कागद ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. यातल्या काहींनी आदिवासी बायकांशी संसार केले, तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्याही निघतील.

गाव हाती लागलं, की 'अबोरिजिनल हिस्टरी डब्ल्यूए'कडे, म्हणजे आदिवासी कुटुंबांच्या जुन्या फाइली शोधून देणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीकडे अर्ज. आदिवासींना नेऊन ठेवत ती मूर रिव्हरची सरकारी वसाहत १९१८ची, न्यू नॉर्शिया मिशन १८४७चं. मिशनची रजिस्टरंही विचार. १९३८-३९च्या दौऱ्यात मानववंशशास्त्रज्ञ टिंडेलने काढलेल्या आदिवासींच्या वंशावळी, फोटोंसकट, अॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहेत. एकच बाई तीन स्पेलिंगांनी, कधी नवऱ्याच्या तर कधी मालकाच्या आडनावाने सापडते, म्हणून नावापेक्षा गाव आणि साल धरून शोध. फाइलीत 'हाफ-कास्ट' (मिश्र वंशाचा) असले हिणवणारे शब्द सर्रास असतात. तुझ्या सासूबाईंना, म्हणजे वहिनींच्या आईला, त्या एकट्यात वाचायला देऊ नकोस. १९४४च्या कायद्याखाली नागरिकत्वाचा दाखला हवा, तर अगदी जवळचं रक्त सोडून बाकी आदिवासी गोतावळ्याशी दोन वर्षं संबंध तोडलेला दाखवावा लागे. त्या दाखल्याला लोक 'डॉग टॅग', कुत्र्याचा बिल्ला, म्हणत. घरातलं मौन यातूनही येतं.

डीएनए शेवटी. पणजीचा वाटा वहिनींत सरासरी १२.५ टक्के, आणि पणजी स्वतः अर्धी असेल तर आदिवासी वाटा ६.२५. कंपन्यांकडे या लोकांचे तुलनेचे नमुने फार थोडे, त्यामुळे आकडा शेजारच्या भलत्याच गटात पडू शकतो. चाचणी सासूबाईंची केलीस तर वाटा दुप्पट. टक्क्यांपेक्षा जुळणारी चुलत-मावस मंडळी कामाची. तसाही डीएनए हा पुरावा धरत नाहीत; वंश, स्वतःची ओळख आणि समाजाने मानणं, हे तिन्ही लागतं. तिथे पहिला प्रश्न येतो, 'तुमची मॉब कुठली?', म्हणजे तुमचा गोतावळा कुठला. उत्तर मिळेपर्यंत वहिनींनी फॉर्मवर 'आदिवासी' या रकान्यात खूण करायची घाई करू नये.

अर्ज वहिनींच्या किंवा सासूबाईंच्या नावाने कर, वंशज त्या आहेत. आणि अल्बममधले जुने फोटो ओढून काढू नकोस, मागची अक्षरं डिंकाबरोबर निघून येतात.

तुझाच