बाबांची वही आणि ओटीवरचं वायफाय

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी लॅपटॉपवर बोलताना वायफाय जाऊन बोलणं तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ दे गं, आम्हालाच जमत नाही हे." ते माझ्या मनातून जात नाही. तुमचं काहीच चुकत नाहीये, आणि ते तुमच्याच वहीने दाखवून दिलंय.

वायफाय कधी, कुठे जातं ते तुम्ही वहीत टिपता, आईने काल त्या पानाचा फोटो पाठवला. 'सायं. ७.४० गेले. ७.४४ आले. ओटी.' खाली 'झोपाळा', पुन्हा 'ओटी'. माजघराची एकही नोंद नाही, म्हणजे तुटतं ते बाहेरच! इतकं नीट टिपलेलं कुणा तंत्रज्ञाकडूनही मिळालं नसतं.

आपल्या भिंती जांभ्याच्या, जाडजूड. त्यात राउटर लोखंडी कपाटावर, पत्र्याच्या ट्रंकेमागे. धातूमागे लहरी अडतात. आधी तो तिथून काढून माजघराच्या फळीवर, दाराच्या बाजूला मोकळा ठेवा. केबल पुरत नसेल तर ओढू नका. फायबरची तार तीव्र वळली तरी बिघडते. केबलवाल्या पोराला बोलवा.

मग नावाचं. यादीत आपल्या वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी '५जी' आहे. त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या लहरींची वारंवारता. वेग जास्त, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं, जरा सावकाश, पण लांब पोचतं. ओटीवर तेच हवं. '५जी'वाल्या नावावर उजवं बटण दाबून 'फरगेट' करा, म्हणजे लॅपटॉप आपणहून तिकडे उडी मारणार नाही. एक मात्र आहे: मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो, त्याने वायफायला अडथळा येतो. आई, आम्ही बोलत असताना दूध गॅसवर तापव.

तरीही तुटलं तर? ओटीवर प्लग नाही, म्हणजे तिथे लॅपटॉप बॅटरीवर असतो, आणि बॅटरी वाचवायला तो कधीकधी वायफायचा भागच झोपवतो. म्हणून एक संध्याकाळ माजघरातच, चार्जर काढून बसा. तिथेही तुटलं तर भिंतीचा दोष नाही. मग लॅपटॉपच्या भागांची यादी असते त्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायफायच्या नावावर दोनदा क्लिक करा. 'पॉवर मॅनेजमेंट' असेल तर त्यातली पहिली, वायफाय झोपवायची परवानगी देणारी खूण काढा. ते पान दिसलं नाही तर राहू द्या, मी आले की बघेन.

वहीत आता एक रकाना वाढवा: त्याच वेळी, त्याच जागी आईच्या मोबाइलवर वायफाय चालू होतं का? (तिचा मोबाइल डेटा बंद ठेवून बघा.) चालू असेल तर दोष बहुधा लॅपटॉपचा. दोन्ही बंद असतील तर राउटरवर लाल दिवा आहे का बघा. असेल तर बहुधा लाइनच गेलीय, तुम्ही उगाच खटपट करू नका.

आणि हे फार जिवावर येऊन लिहितेय. "तुमचं इंटरनेट दुरुस्त करतो" म्हणून कुणाचा फोन आला, एखादं अ‍ॅप घ्या किंवा ओटीपी सांगा म्हणाला, तर फोन ठेवून द्या. उद्धटपणा वाटला तरी चालेल. मग मला लावा, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

येत्या रविवारी ११ वाजता झोपाळ्यावरून लावा. मागच्या वेळी आई कलमाचा मोहोर दाखवायला उठली आणि नेमकं चित्र थिजलं. तो मला बघायचाय.

तुमची,
मनू