'मानवी चूक' एवढ्यावर चौकशी थांबू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर कोसळले आणि संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत व त्यांच्या पत्नी यांच्यासह त्यातील १४ही जणांना प्राण गमवावे लागले. त्या अपघाताच्या चौकशीतून काय निघाले, असे आज कोणी विचारले तर सामान्य नागरिकाच्या हाती दोनच कागद आहेत. पहिला, जानेवारी २०२२ मधील हवाई दलाचे निवेदन. यांत्रिक बिघाड, घातपात किंवा हलगर्जीपणा यांपैकी काहीही कारण नव्हते. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलल्याने हेलिकॉप्टर ढगांत शिरले, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि नियंत्रणात असलेले यंत्र जमिनीवर आदळले, असे त्यात म्हटले होते. दुसरा, डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल. २०१७ ते २०२२ या काळातील हवाई दलाच्या ३४ अपघातांच्या आकडेवारीत कुन्नूरच्या अपघाताचे कारण 'मानवी चूक', तीही हवाई कर्मचाऱ्यांची, असे नोंदवले आहे.

हे दोन कागद शेजारी ठेवले की मन अस्वस्थ होते. हलगर्जीपणा नव्हता आणि तरीही चूक झाली, याचा अर्थ प्रशिक्षित, सावध माणूस त्या परिस्थितीत फसला. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणा खोटे सांगू लागते. हेलिकॉप्टर एका बाजूला कलत असले तरी आपण सरळ चाललो आहोत असे वैमानिकाला वाटत राहते. हा मानवी शरीराचा धर्म आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. म्हणून खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सुलूरच्या हवाई तळावरून उड्डाण करताना, जिथे जायचे होते त्या कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनच्या दरीतील हवामानाची कोणती माहिती वैमानिकांकडे होती? ती किती जुनी होती? ढग दिसताच माघारी फिरण्याचा निर्णय घेणे त्यांना कितपत सोपे होते? डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी कोणती यंत्रणा त्यांच्यासमोर होती? कुन्नूरच्या रेल्वेरुळावर फिरायला आलेल्या पर्यटकांनी मोबाइलवर टिपलेल्या काही सेकंदांच्या दृश्यात हेलिकॉप्टर धुक्यात शिरते आणि दिसेनासे होते. देशाने पाहिले ते एवढेच. त्याआधीच्या वीस मिनिटांत काय घडले, ते संपूर्ण अहवालात असणार आणि तो अहवाल अद्याप जनतेसमोर आलेला नाही.

या विषयाशी माझा संबंध केवळ बातम्या वाचण्यापुरता नाही. मुंबई हाय तेलक्षेत्रात नोकरी करताना जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने ये-जा करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सामानासकट वजन करून घ्यायचे, लाइफ जॅकेटचा पट्टा आवळायचा आणि खाली पाणीच पाणी दिसू लागले की पंख्याच्या आवाजात किंचित जरी बदल झाला तरी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, ही सवय निवृत्तीनंतरही पुरती गेलेली नाही. त्यामुळेच नॉर्वेतील एक तपास मी फार बारकाईने वाचला.

२९ एप्रिल २०१६ रोजी तेथे समुद्रातील तेलफलाटावरून बर्गन शहराकडे येणाऱ्या ईसी २२५ सुपर प्युमा हेलिकॉप्टरचा मुख्य पंखाच हवेत सुटला आणि तुरॉय बेटाजवळ १३ जण मृत्युमुखी पडले. तपासनीसांनी समुद्रतळावरून चुंबकाच्या साह्याने गिअरबॉक्सचे लहान लहान तुकडे गोळा केले, ते जुळवले आणि मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या आठ दातेरी चक्रांपैकी (ग्रहचक्रांपैकी) एकाला पोलादाच्या आत वाढत गेलेली चीर शोधून काढली. 'चक्र तुटले' असे लिहून त्यांना थांबता आले असते. पण तुटण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या वंगणतेलात येणारे धातूचे कण पकडणाऱ्या यंत्रणेला ही चीर का कळली नाही, हे त्यांनी तपासले. तोच गिअरबॉक्स आदल्या वर्षी वाहतुकीत रस्ते अपघातात सापडला होता. त्याचा काही संबंध आहे का, तेही तपासून पाहिले आणि तसा पुरावा नसल्याचे नमूद केले. २००९ मध्ये स्कॉटलंडजवळ याच घराण्यातील हेलिकॉप्टर जवळपास तशाच चक्रामुळे कोसळून १६ जण गेले होते. त्या धड्यातून आरेखन आणि प्रमाणीकरणात पुरेसे बदल का झाले नाहीत, हा अडचणीचा प्रश्नही त्यांनी विचारला. जुलै २०१८ मध्ये हा सारा अहवाल कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध झाला.

नागरी विमान अपघातांच्या तपासाचा उद्देश दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. लष्करी विमानांवर ते नियम बंधनकारक नाहीत आणि काही बाबी गुप्त राहणारच, हे मला मान्य आहे. मात्र डोंगरातील हवामान, परत फिरण्याचे निकष आणि वैमानिकाच्या दिशाभ्रमाविषयीचे प्रशिक्षण यांत कोणते संरक्षण गुपित दडले आहे, ते समजत नाही. नीलगिरीत जे घडले तेच केदारनाथच्या दरीत यात्रेकरूंना नेणाऱ्या वैमानिकासमोरही कोणत्याही सकाळी उभे राहू शकते. ही माहिती त्याच्यापर्यंतही पोचली पाहिजे.

कुन्नूर चौकशी अहवालातील गोपनीय मजकूर वगळून उर्वरित भाग संरक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध करावा आणि त्यातील प्रत्येक शिफारशीवर कोणती कार्यवाही झाली, ते तारखेसह संसदेत सांगावे, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त तेलक्षेत्र अभियंता, डोंबिवली