ताणा एकच, कार्डं निराळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या आरोग्यविषयक लेखात ‘रक्ताची जनुकं रक्ताच्या पेशीत, डोळ्याची डोळ्याच्या’ असं वाक्य आहे. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना हे वाक्य उत्तरपत्रिकांत कितीदा लाल शाईनं खोडलंय! छापून आलेलं खोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

प्रथिनं घडवणारी साधारण २० हजार जनुकं आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी असतात. (तांबड्या पेशी अपवाद, त्या घडता घडता केंद्रकच टाकून देतात.) कुठलं चालू नि कुठलं बंद, एवढाच फरक.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डवर होते. मागावर ताणा (उभे धागे) तोच, कार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी वेल. कार्डाला भोक असेल तिथला हूक धागा उचलतो. भोक नसेल तिथला धागा खाली राहतो; पण असतो तिथंच. पेशीत हे काम काही प्रथिनं करतात. ती डीएनएवर ठरलेल्या जागी बसली की जनुक वाचलं जातं. नको तो भाग घट्ट गुंडाळलेला राहतो. उपमा इथवरच. मागाची कार्डं कारागीर पंच करायचा, पेशीतली कार्डं, म्हणजे ती प्रथिनं, त्याच ताण्यातून, जनुकांवरूनच निघतात.

मी शब्दाचा कीस काढतेय असं वाटेल. पण आमच्या गल्लीत थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) एक बाळ आहे. पाच-सहा महिने गुटगुटीत होतं, मग पांढरंफटक पडत गेलं. आजी म्हणतात, नजर लागली. खरं म्हणजे पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन गॅमा-ग्लोबिन या त्याच्या एका घटकाच्या जनुकावर चालतं. जन्मानंतर ते मिटत जातं नि बीटा-ग्लोबिनचं जनुक जोर धरतं. दोष बीटात, म्हणून तोवर दिसला नाही. हाच दोष गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं घेतलेल्या पेशीतही सापडतो. तिथं ते जनुक बंद, म्हणून गालाला काही होत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं मान्य केलेला थॅलेसेमियावरचा ‘कॅसगेव्ही’ उपचार जनुक चालू-बंद करणाऱ्या याच खटक्यावर बेतलाय. गॅमाला मिटवून ठेवणारं बीसीएल११ए हे जनुक मेंदूतही लागतं, ते सरसकट मोडून चालत नाही. म्हणून रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, तांबड्या पेशी घडतानाच चालणारा त्याचा खटका तेवढा कापतात आणि पेशी परत देतात. गॅमा पुन्हा चालू होतं.

हे मी आजींना सांगायला गेले, तर त्यांनी तुमची पुरवणीच पुढं केली. “बाई, पेपरातच आलंय. रक्तातलं रक्तातच ऱ्हातंय, मग आईबापाकडनं पोरात कुठनं येतंय?” त्यांचा तर्क चोख होता, वाक्य चुकीचं होतं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय, हा दोष त्याच्यातही आहे का हे पाहणारी रक्ततपासणी त्या करू देईनात.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात छापावी. आजी चष्मा लावत नाहीत.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, साखर पेठ, सोलापूर