बाराशे टप्पे

सातारा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आजीची तब्येत आता बरी आहे. डॉक्टरांनी काल तिला घरी सोडले आणि आज सकाळी तिने अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. एवढेच कळवायचे ठरवले होते. परंतु फोन ठेवताना तू म्हणालीस, "नऊ तासांचं तर अंतर आहे बाबा, कधीही येईन," ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही.

तीस वर्षे एसटीत वाहक म्हणून काढलेल्या माणसाला अंतर टप्प्यांत मोजायची सवय असते. एक टप्पा 6 किलोमीटरचा. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, म्हणजे 1,200 टप्पे. आजीला हे सांगितले तेव्हा तिने, पोरीला वाटेत जेवायला कुठे थांबवतात, एवढेच विचारले. तिच्या जन्माच्या वर्षी, 1948 साली, एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले होते. आता मध्ये थांबाच नाही, हे तिला पटत नाही.

उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, म्हणून तुला साडेनऊ-दहा तास लागले; येताना तोच पाठीशी असल्याने नऊ तासांच्या आसपास पुरतात. घराकडची वाट थोडी लवकर सरते, याचे मला फार समाधान वाटले. पण ते नऊ तास विमानाचे झाले. समज, तुला दुपारी 12 वाजता निरोप मिळाला. तिकीट काढून, तीन तास आधी विमानतळ गाठून रात्री 9 वाजता निघालीस, तरी मुंबईत उतरेपर्यंत आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा वाजतात. पुढे सामान, मग खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत सहा तास. म्हणजे उंबरठ्यावर पाऊल पडेतो दिवेलागण होते.

अप्पा गेले त्या रात्री मी बामणोलीला मुक्कामी गाडीवर होतो. जेमतेम सहा टप्पे. निरोप कळण्याची सोय नव्हती. सकाळी गाडी घेऊन स्टँडवर उतरलो, तेव्हा नियंत्रकांनी मला बाजूला घेतले. आजीने त्याबद्दल मला आजवर एका शब्दाने विचारलेले नाही.

म्हणून सांगतो, पासपोर्ट आणि कागदपत्रे एका जागी ठेव, तिकिटापुरते पैसे वेगळे ठेव, रात्री फोनचा आवाज बंद करू नकोस. आपल्याकडे पहाटेचे 5 वाजतात तेव्हा तुझ्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा असतात. पुन्हा तेच लिहिले, क्षमा कर. तू अभ्यासाला गेली आहेस, निरोपाची वाट पाहायला नव्हे. तुझ्या बोर्डिंग पासचा फोटो मी डेपोतल्या प्रत्येकाला दाखवला आहे, आणि आपल्या घरातून इतक्या लांबचे तिकीट आजवर कोणीही काढले नव्हते, हेही प्रत्येकाला सांगितले आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे तासभर पुढे होतील आणि आपल्यातला फरक साडेपाच तासांवरून साडेचारवर येईल. आजीला ते कळवले आहे. ती रोज कॅलेंडर पाहते.

तुझे,
बाबा