जेसीबी आधी नको

मा. संपादक,

मृग जवळ आला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या जुन्या कॉलन्यांत, वर्षानुवर्षे बंद पडलेल्या बंगल्यांच्या आवारात जेसीबी शिरतो. तासाभरात सगळं सपाट, आठवड्यात लॉनच्या गाद्या. घरात लहान मुलं असतील तर ही घाई नको.

कोपऱ्यातल्या लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी जेसीबी आवारभर पसरवतो. ओली काळी माती त्याच्या चाकाखाली दबते आणि वाळली की विटेसारखी होते. ही माती वाफसा आल्यावर, म्हणजे चिकटणार नाही इतपत सुकल्यावर, कुदळीनेच हलवावी.

खणण्याआधी झाडं ओळखा. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांनी पोरं पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली, पण बी चावून गिळली तर हृदयाचे ठोके बिघडतात. लाल-पांढरी कण्हेर, धोतरा, एरंड, कुंपणावरची गुंज हीही मुळासकट काढा. कण्हेर जाळू नका, धूरही विषारी असतो. विटा-फरशांचा ढीग सकाळच्या उजेडात लांब दांड्याच्या फावड्यानेच हलवावा. खाली विंचू, मण्यार असू शकते.

गाजर गवताला मात्र पावसाची वाट पाहा. कोरड्या जमिनीत ते वरच तुटतं आणि बुडखा पुन्हा फुटतो. चांगला पाऊस पडून गेल्यावर, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून उपटा. दमेकऱ्यांनी व मुलांनी लांब राहावं. फुलावर आलेलं खतखड्ड्यात टाकलं, तर पुढच्या वर्षीची पेरणी आपणच केली म्हणायची.

लॉन कशाला? मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ते टँकरवर जगवावं लागतं. आहे ती हराळी कापत राहिलं की खेळायला पुरते.

झोका शेवग्याला कधीच बांधू नये, फांदी काडीसारखी मोडते. लोखंडी झोक्याचे खांब काळ्या मातीत वरवर रोवले तर तिरके होतात, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा, मगच काँक्रीट. झोक्याखाली फरशी नको, फूटभर वाळू हवी. वाळूखाली मुरूम व दुहेरी शेडनेट नसेल तर पहिल्याच पावसात तिचा चिखल होतो. रात्री ताडपत्री टाका, नाहीतर मांजरं घाण करतात. घसरगुंडी निंबाच्या पूर्वेला ठेवली की दुपारनंतर सावलीत येते. उन्हात तापलेल्या पत्र्याने कातडी भाजते.

आणि जुना हौद. वीतभर पाणीही तान्ह्या-रांगत्या मुलाला बुडवायला पुरतं, म्हणून बाकी कामाआधी त्यावर कुलूप लागणारी जाळी बसवून घ्यावी.

– बागकाम करणारा एक वाचक, भुसावळ