आप्पा, ब्रश टाकू नका

बर्लिन, रविवार रात्र

आप्पा आणि आई,

फोनवर आप्पा दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणतात म्हणून हे मुद्दाम लिहून पाठवतेय. दाद्याला सांगून प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर वाचत बसू नका.

काल परत त्या बर्लिनच्या भिंतीकडे गेले होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये लोक जी फोडत होते ती, टीव्हीवर बघितल्याचं तुम्हीच सांगायचा. सगळी नाही पाडली ओ, नदीच्या कडेला १३१६ मीटरचा तुकडा तसाच उभा ठेवलाय आणि १९९० मध्ये २१ देशांतल्या ११८ जणांनी मिळून तो रंगवला. उंची म्हणाल तर साधारण बारा फूट, म्हणजे तुमची बोर्ड रंगवायची लाकडी घोडी लावली की वरपर्यंत आरामात हात पोचेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हेच मनात आलं, चित्रं नंतर बघितली.

एका बाईंनी, बिरगिट किंडर त्यांचं नाव, पूर्व जर्मनीतली ती छोटी गाडी काढलीय, भिंत फोडून सरळ आपल्या अंगावर येतेय अशी आणि गाडीला एक ओरखडासुद्धा नाही. नंबरप्लेटवर लिहिलंय नोव्हेंबर ९-८९, म्हणजे भिंत उघडली ती तारीख. मी त्या नंबरप्लेटची अक्षरं जवळ जाऊन बघितली आप्पा, कडा कशी उचललीय, ब्रश कुठं थांबलाय ते. बाकीचे लोक गाडीसमोर उभं राहून फोटो काढत होते आणि मी अक्षरंच बघत होते, कारण मला तेच शिकवलंय तुम्ही. सुताला निळ लावून मी एक टोक धरायचे आणि तुम्ही मधे फटका मारायचा, भिंतीवर सरळ रेघ उमटायची आणि माझा फ्रॉक निळा व्हायचा, आई ओरडायची.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती. ऊन पाऊस आणि गाड्यांच्या धुरानं ती चित्रं खराब झाली, आतलं लोखंड गंजून पापुद्रे सुटायला लागले, वर येणारा जाणारा आपलं नाव लिहून जायचा. तर २००९ मध्ये भिंत दुरुस्त केली आणि ज्यांनी त्यांनी काढलेली चित्रं त्यांच्याकडूनच परत काढून घेतली. काहींनी नाही म्हटलं, पण बरेच जण आले. एकोणीस वर्षांनी त्याच माणसाला त्याच भिंतीपुढं उभं करायचं म्हणजे किती मान आहे बघा त्यात. आपल्याकडं फ्लेक्स आलं आणि एका वर्षात तुमची सगळी गिऱ्हाईकं गेली, पंचवीस वर्षं ज्यांचे बोर्ड दिवाळीला दिवाळीला नवे केले त्यातल्या एकानंही विचारलं नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं आणि लई वाईट वाटतं.

क्रॉइत्सबर्ग म्हणून भाग आहे तिथं एका बिल्डिंगच्या अख्ख्या बाजूवर एकच अंतराळवीर तरंगतोय, नुसत्या काळ्या रंगात, खाली रंगाचे ओघळ आलेले. व्हिक्टर अ‍ॅश यांनी २००७ मध्ये केलाय. तुम्ही खडूनं चौकटी पाडून एवढ्याशा फोटोवरून भागवत थेटरच्या बोर्डवर हिरोचा केवढा चेहरा चढवायचा, ते काम आणि हे काम मला वेगळं वाटत नाही, अजिबात नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पिक्चरला गेले. बॅबिलॉन नावाचं १९२९ चं थेटर आहे, तिथं मूकपट लावतात आणि जुन्या ऑर्गनवर माणूस बसून समोर वाजवतो. मेट्रोपोलिस होता, १९२७ चा, इथल्याच बाजूला बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत केलेला. वर श्रीमंतांचं झगमगाटी शहर आणि खाली जमिनीत कामगारांचं. त्यातले उंच उंच इमले म्हणजे लहान मॉडेल आहेत, आरशाचा पारा हवा तेवढा खरवडून त्या काचेतून खरी माणसं दाखवायची आणि उरलेल्या आरशात मॉडेल, एकाच कॅमेऱ्यात दोन्ही. काँप्युटर नाही काही नाही, सगळं हाताचं काम. ह्या पिक्चरचा जवळजवळ पाव भाग हरवला होता, तो २००८ मध्ये अर्जेंटिनात सापडला. तो तुकडा आला की पडद्यावर नुसत्या रेघा रेघा दिसतात पण मला ते आवडलं, जे वाचलं ते तसंच दाखवतात.

सुरुवातीलाच वाफेची शिट्टी वाजते, दहा तासांची पाळी संपते आणि कामगार माना खाली घालून एका तालात चालत जातात. ऑर्गनवाल्यानं ती शिट्टी अशी काही वाजवली की मला जुन्या मिलचा भोंगाच आठवला, मी तो ऐकलेला नाही, पण तात्या सांगताना तोंडानं आवाज काढायचे ना तसाच. तात्या ह्या पिक्चरला असते तर "आमचंच दाखवलंय की" म्हणाले असते.

आई, आता तुझ्यासाठी. आज मटण केलं. कांदा चांगला लाल केला, मटण परतलं आणि पाण्याऐवजी एक वाटी रेड वाईन घातली. आधी आंबूस वास येतो, नाकात जातो, पण मोठ्या आचेवर पाच सात मिनिटांत तो उडतो आणि खाली दाट गोडसर रस राहतो, मग तू दिलेला काळा मसाला. भाकरीला इथलं ज्वारीचं पीठ धरत नाही, मालदांडीची सर नाहीच, उकळत्या पाण्यात उकड काढूनच थापावी लागते. प्यायला मात्र रेड नको, तिखटावर घेतली की तोंड आणखी पेटतं. थोडी गोडसर रीस्लिंग, म्हणजे पांढरी वाईन, घेतली, मोझेल नदीकाठची, तिथं खड्या चढावर पाटीच्या काळ्या दगडात वेली असतात, दिवसभर तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देतो म्हणे. शेंगाचटणीबरोबर ती इतकी जमली की मी दोनदा चटणी घेतली. एक ग्लास घेते आई, रविवारी, जेवताना. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. आणि द्राक्षं म्हटलं की माझ्या डोक्यात आपलं सोलापूरजवळचं नान्नजच येतं, नानासाहेब काळे यांनी तिथं सोनाका जात काढली, ती लांब द्राक्षं इथं कुणाला सांगून खरी वाटत नाहीत.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येतेय, तिकीट झालंय. आप्पा, मागच्या गल्लीकडची आपली कंपाऊंडची भिंत तेवढी घासून पांढरा हात मारून ठेवा. काय काढायचं ते तुम्ही ठरवा, मी सूत धरते. आई, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातले ब्रश भंगारात देऊ नकोस, कडक झाले असतील तर टर्पेंटाईनमध्ये आत्तापासूनच भिजत घाल.

तुमची,
छकुली